चाकांची पाळी

आगाशीच्या लोकांना शेजारच्या चुलीवर काय शिजतंय ते स्वतःच्या चुलीआधी कळतं. त्यामुळे नरहरभाऊ दर मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे अंगणात मोटारीचं चाक बदलतात, ही बातमी सांगायला एका आठवड्यात अकरा माणसं पोस्टात येऊन गेली. मी तेव्हा आगाशीच्या पोस्टात कारकून होतो. नरहरभाऊंचं अंगण आणि माझं अंगण यांच्यामध्ये मेंदीचं कमरेएवढं कुंपण होतं, आणि त्यांचा पाना दगडावर पडला की माझी झोप मोडायची. मला ही बातमी नवी नव्हती. तरी प्रत्येकाला मी ‘असं का?’ म्हणायचो, कारण ‘ठाऊक आहे’ म्हटलं तर आगाशीचा माणूस पोस्टकार्ड न घेताच निघून जातो.

लोकांना नवल वाटायचं ते एवढ्यासाठी की चाक पंक्चर झालेलं नसायचं. धडधाकट चाक काढायचं, दुसरं तेवढंच धडधाकट चाक लावायचं आणि काढलेलं ओटीच्या भिंतीला टेकवून ठेवायचं. तीन-चार दिवसांनी ते परत लावायचं आणि तिसरंच काढायचं. वेड लागलंय म्हणावं, तर माणूस पानमळा उत्तम सांभाळत होता आणि बाजारात कोणी त्याला फसवू शकत नव्हतं. शेवटी गावानं त्यांना ‘चाकभाऊ’ असं नाव ठेवलं आणि गाव मोकळं झालं. नाव ठेवलं की विचार करायला लागत नाही.

नरहरभाऊ चार पिढ्यांचे बागायतदार. पानवेली, केळी, थोडी सुपारी. आगाशीची म्हणून जी सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, मुंबईला जातात ती त्यांच्या मांडवावर वाळायची. उंच, सावळे, पन्नाशीला टेकलेले. बोलणं जेमतेम. एका वाक्याचं काम ते अर्ध्यात उरकायचे आणि उरलेलं अर्धं समोरच्यानं समजून घ्यावं अशी त्यांची अपेक्षा असायची. त्यांच्याशी गप्पा मारायला बसणं म्हणजे कोरड्या विहिरीवर रहाट हाकणं. मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि आनंदीबाई, दोघंच. आनंदीबाई मात्र बोलक्या, हसऱ्या, गावभरच्या बायकांच्या जिवाभावाच्या. घरातल्या बोलण्याची सगळी पेरणी त्यांची आणि कापणीही त्यांचीच.

१९४१च्या दिवाळीनंतर आनंदीबाई सुकेळ्यांच्या मांडवावरून पडल्या. मांडव काही फार उंच नव्हता, पण खाली बैलांना पाणी पाजायची दगडी डोणी होती आणि तिच्या काठावर त्या पाठीनं आदळल्या. मणका दुखावला. विरारला स्टेशनाजवळ लष्करातून निवृत्त झालेले एक डॉक्टर राहत. त्यांच्याकडे एक लोखंडी खाट होती. तिच्यावर माणसाला निजवायचं, पायांना वजनं बांधायची आणि तास-दीड तास पाठ ताणून धरायची, अशी त्यांची पद्धत. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून दोनदा आणा, किती महिने ते सांगता येत नाही, आणि येता-जाता पाठीला हिसका बसू देऊ नका. शेवटचं त्यांनी अगदी सहज सांगितलं. आगाशी-विरार रस्ता त्यांनी पाहिला नसावा.

पहिल्या खेपेला बाईंना बैलगाडीत पेंढा अंथरून नेलं. गाडीला लोखंडी धावेची चाकं आणि रस्त्यावर वर आलेली खडी. नरहरभाऊ कासरा धरून बैलांच्या पुढं चालत होते. वाटेतल्या बोळिंजपर्यंत बाई ओरडत होत्या. बोळिंजनंतर त्या ओरडायच्या थांबल्या, तेव्हा नरहरभाऊंनी गाडी उभी केली आणि त्यांच्या नाकाशी हात धरून बघितला. महिन्याच्या आत पानमळ्याचा एक तुकडा गेला आणि अंगणात मोटार आली.

मोटार जुनी, अमेरिकन, म्हशीच्या रंगाची होती. गावाला वाटलं, माणूस शौकीन निघाला. नरहरभाऊंना मोटारीचं काडीइतकं कौतुक नव्हतं. मोटारीला हवा भरलेली रबराची चाकं असतात, एवढ्या एका कारणासाठी ती आणली होती. आनंदीबाईंच्या पाठीला हिसका बसता कामा नये, मग बाकीची मोटार चुलीत गेली तरी त्यांची हरकत नव्हती.

चालवायला शिकवलं नंदाखालच्या फर्डिनंडनं. हा ख्रिस्ती माणूस मुंबईत एका शेठजींकडे अठरा वर्षं ड्रायव्हर होता आणि आता गावी येऊन वाडी करत होता. तोंडानं मोकळा, भीडभाड न ठेवणारा. शिकवणी झाल्यावर तो म्हणाला, “भाऊ, आता मीच बसतो ड्रायव्हर म्हणून. तुम्ही कशाला तरास घेता?”

नरहरभाऊ म्हणाले, “ड्रायव्हर खड्डा चुकवतो तो गाडीसाठी.”

वाक्य तेवढंच. उरलेलं अर्धं फर्डिनंडनं समजून घेतलं आणि परत तो विषय काढला नाही.

चाक बदलायला शिकताना मात्र नरहरभाऊंनी कोणाला बोलावलं नाही, आणि तिथंच घोटाळा झाला. नट आवळायचा तो देवाला प्रदक्षिणा घालतात त्या दिशेनं आणि सोडायचा तो उलट्या, हे त्यांना ठाऊक होतं. उजव्या अंगाची दोन्ही चाकं मुकाट्यानं निघाली. डाव्या अंगाचे नट काही केल्या हलेनात. त्यांनी पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी घातली, नळीवर रहाटाच्या बैलामागे असणाऱ्या एकनाथला उभा केला आणि स्वतः ती खालून ओढली. काडकन आवाज झाला आणि नटासकट बोल्ट तुटून आनंदीबाईंच्या तुळशीपाशी जाऊन पडला. फर्डिनंड आला, त्यानं बघितलं आणि पोट धरून हसला.

“अहो, ह्या गाडीचे डाव्या अंगाचे आटे उलटे असतात. तुम्ही सोडत नव्हता, आवळत होता! ह्या बाजूला उलटी प्रदक्षिणा.”

नरहरभाऊंनी थोडा विचार केला. “म्हणजे शंकराची,” ते म्हणाले. शंकराच्या देवळात अर्ध्यावरून उलटं फिरतात, त्या हिशेबानं. तेव्हापासून त्यांच्या घरात मोटारीची डावी बाजू म्हणजे शंकराची बाजू. फर्डिनंडसुद्धा पुढं तसंच म्हणायला लागला.

चाक बदलण्याची त्यांची रीत मी इतक्या वेळा बघितली आहे की माझ्याकडे मोटार नसूनही मी चाक बदलू शकेन. आधी बाकीच्या चाकांपुढं-मागं दगड. मग चाक जमिनीवर असतानाच नट थोडे ढिले करायचे, कारण चाक उचलल्यावर ते पान्याबरोबर गरागरा फिरायला लागतं. मग जॅक. आमच्याकडची जमीन वाळूची, जॅक चढवावा तसा तो खाली रुतायचा. म्हणून त्याच्याखाली एक लाकडी पाट ठेवायचा. हा पाट जेवायचा होता. आनंदीबाईंनी खाटेवरून एकदा आरडाओरडा केला की मोटारीनं उष्टावलेला पाट मी पाहुण्याला देणार नाही. नरहरभाऊंनी तो पाट मोटारीला देऊन टाकला आणि स्वतः गोणपाटावर बसून जेवायला लागले. काढलेले नट नारळाच्या करवंटीत, रॉकेलमध्ये. चाक लावताना आधी एक नट, मग त्याच्या समोरचा, मग पुन्हा शेजारचा, म्हणजे चाक वाकडं बसत नाही. जॅक उतरवला की शेवटचा आवळ. सगळं मिळून पाव तास, आणि तोंडातून एक अक्षर नाही.

मोटार आली आणि चार महिन्यांत युद्धानं रबर खाल्लं. मलाया पडला, टायर-ट्यूब बाजारातून नाहीशी झाली. पेट्रोल डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कुपनानं थोडं मिळायचं, पण ट्यूब कोणाच्या चिठ्ठीवर मिळेना. उतारू नेणाऱ्या सर्विस मोटारवाल्यानं कोळशाच्या गॅसवर गाडी चालवायचं शोधून काढलं, पण कोळशाची ट्यूब होत नाही. नरहरभाऊंकडे चार चाकं आणि एक स्टेपनी अशी पाच. त्यातल्या दोन ट्यूब पहिल्याच उन्हाळ्यात इतक्या फाटल्या की ठिगळाला ठिगळ लावायला जागा उरली नाही.

मग त्यांनी जे केलं ते आगाशीच्या माणसालाच सुचेल. केळीच्या खोडाची वाळलेली साल, जिला आम्ही सोपट म्हणतो, ती पानाच्या गड्ड्या बांधायला घरोघर असते. नरहरभाऊंनी सोपट कुटून, वळून, ठासून ठासून दोन टायरांत भरली. चाकं दगडासारखी झाली, पण चालली. फर्डिनंड म्हणाला, “भाऊ, टायरात केळ घातलंत.” दोन महिने छान गेले. मग जुलैत बोळिंजला गुडघाभर पाण्यातून मोटार काढावी लागली, सोपट भिजली, फुगली आणि आतल्या आत आंबली. चौथ्या दिवशी अंगणात असा वास सुटला की माझी बायको लीला नाकाला पदर लावून कुंपणाशी आली. पाचव्या दिवशी मोटार विरारला निघाली तेव्हा मागून सात बकऱ्या निघाल्या. स्टेशनापर्यंत त्या आल्या, म्हणे. डॉक्टरांच्या फाटकाशी उभ्या राहून टायर चाटत होत्या.

तोडगा दिला मालूनं. मालू अर्नाळ्याची कोळीण, आमच्या आळीत मासे घेऊन यायची. ती टोपली टेकवून चाकाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “भाऊ, आमच्या जुन्या जाल्यांचे दोर घाला. ते पान्यातच जगतान, पान्यानं मरत नाय.” नरहरभाऊंनी तिच्याकडून दोन पाट्या दोर घेतले, टायरांतली सडकी सोपट उपसली आणि दोर गच्च भरले. ते खरंच सडले नाहीत. बकऱ्या गेल्या आणि मांजरं आली. पुढची चार वर्षं आमच्या आळीतली सगळी मांजरं त्या मोटारीखाली झोपत असत.

आता दोन चाकं दोराची, तीन हवेची. नरहरभाऊंनी कायदा केला. दोराची दोन पुढं, हवेची दोन मागं. मागच्या सीटवर आनंदीबाई आडव्या असायच्या, त्यांच्या खाली मऊ चाकं हवीत. पुढच्या चाकांचे धक्के स्टिअरिंगमधून नरहरभाऊंच्या हातात यायचे, ते त्यांना मंजूर होते. त्यांच्या तळव्यांना घट्टे होतेच, त्यावर आणखी फोड आले. आणि हवेचं जे तिसरं चाक उरलं, त्याच्यापायी ही पाळी सुरू झाली.

नरहरभाऊंच्या विहिरीवर चार भाऊबंदांची पाळी होती. एका दिवशी एकाचा रहाट, बाकीच्यांनी थांबायचं. जमिनीलाही ते पाळी देत. एका तुकड्यात पानवेल झाली की तो पडीक टाकायचा, दुसरा धरायचा. पाळी दिली की वस्तू टिकते आणि नाही दिली की मरते, हा त्यांचा जन्माचा अनुभव. तेव्हा त्यांनी ठरवलं की रबरालाही पाळी दिली पाहिजे. तीन चाकांवर पानाच्या चुन्यानं एक, दोन आणि तीन ठिपके काढले. प्रत्येक खेपेच्या आधी एक चाक विसाव्याला काढायचं, विसावलेलं लावायचं. रबर थकतं की नाही हे मला सांगता येणार नाही. फर्डिनंड म्हणायचा, असलं काही नसतं. पण बाकी सगळ्या तालुक्यातल्या ट्यूबा फाटून संपल्या, तेव्हाही नरहरभाऊंच्या तिन्ही ट्यूबा जिवंत होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

‘पाळी’ म्हटल्यावर बायका सोडतात होय? भिंतीला टेकवलेलं चाक बघून लीला म्हणाली, “आनंदीताई, तुमच्याकडे कोण बाहेर बसलंय?” आनंदीबाईंनी चुन्याचे ठिपके मोजले आणि म्हणाल्या, “दोन नंबरला कावळा शिवलाय. शुक्रवारी न्हाऊन घरात येईल.” हसताना पाठ दुखली म्हणून त्या कण्हल्या आणि कण्हता कण्हता पुन्हा हसल्या. पुढं आळीतल्या सगळ्या बायका हाच विनोद करायला लागल्या. नरहरभाऊ मान खाली घालून नट धूत राहायचे.

अशी चार वर्षं गेली. पाठ बरी झाली नाही आणि बिघडलीही नाही. लोखंडी खाटेवर ताणून आलं की दोन दिवस बाईंना जरा बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. डॉक्टर म्हणत, चालू ठेवा. नरहरभाऊंनी एकही खेप चुकवली नाही. त्यांचं कौतुक करावं की चिडावं, हे मला कळत नसे. विरारहून परत आले की बाईंना दोघा माणसांच्या मदतीनं खाटेवर निजवायचे आणि लगेच चाकांपाशी जाऊन टायरात रुतलेले खडे सुरीच्या टोकानं काढत बसायचे. दिवे लागेपर्यंत खडे काढणं. आत आनंदीबाई छताकडे बघत असायच्या. मला त्या खड्यांचा राग यायचा.

१९४५च्या दिवाळीत तीन ठिपक्यांच्या चाकाची ट्यूब गेली. साधं भोक नव्हे, शिवणीला हातभर चीर. आता हवेची दोनच चाकं उरली, दोन्ही मागं, विसाव्याला कोणी नाही. पहिल्यांदाच मी नरहरभाऊंना घाबरलेलं पाहिलं. युद्ध संपलं होतं, पण ट्यूब अजून मिळत नव्हती. ते पोस्टात येऊन मुंबईच्या दुकानांना कार्डं टाकायचे. प्रत्येक कार्डावर एकच ओळ असायची, आणि पुढं चाकाचं माप. उत्तर आलंय का हे विचारायला रोज खिडकीशी यायचे. दोन महिने मी मान हलवत राहिलो. अंगणात पहाटे पान्याचा आवाज बंद झाला होता, आणि मला झोप लागत नव्हती ती त्यामुळे, हे लीलाला सांगायची मला लाज वाटली.

जानेवारीत फर्डिनंडला त्याच्या जुन्या शेठजींकडून कळलं की लष्कराचा उरलेला माल मुंबईत विकायला निघालाय. नरहरभाऊ त्याच्याबरोबर गेले आणि दोन दिवसांनी खांद्यावर टायर आणि काखेत दोन नव्या ट्यूबा घेऊन आले. स्टेशनापासून आगाशीपर्यंत टायर खांद्यावरून खाली ठेवला नाही, असं फर्डिनंड सांगत होता. माझी बायको तेव्हा आनंदीबाईंपाशी बसली होती, म्हणून पुढचं सगळं मला कळलं. नरहरभाऊ टायरासकट आत आले, बाईंच्या खाटेशी उभे राहिले आणि आयुष्यात प्रथमच पुरतं वाक्य बोलले.

“आता आणखी चार वर्षं काळजी नाही, पुन्हा पाळी सुरू करतो.”

आनंदीबाई म्हणाल्या, “अजून चार वर्षं?”

आणि त्या रडायला लागल्या. नरहरभाऊंना वाटलं आनंदानं. त्यांनी ट्यूब त्यांच्या हाताशी धरली, किती मऊ आहे ते बघ म्हणून. बाईंनी ती ढकलून दिली.

“चार वर्षं मी तुमची पाठ बघतेय,” त्या म्हणाल्या. “मंगळवारी पाठ, शुक्रवारी पाठ. मानेवरचा तीळ केवढा झालाय ते मला विचारा. घरी असता तेव्हा चाकाशी असता, वाटेत असता तेव्हा रस्त्याशी असता. मोटारीत मी मेले असते ना, तर तुम्हाला विरारला पोचल्यावर कळलं असतं.”

“पुढं बघितलं नाही तर खड्ड्यात…”

“जाऊ दे खड्ड्यात!”

लीला उठून आली. घरी येऊन ती डोळे पुसत बसली, आणि मी मूर्खासारखं म्हणालो, की बिचाऱ्यानं एवढं केलं, तरी बायकांचं समाधान म्हणून होत नाही. लीला म्हणाली, “तुम्ही सगळं कुंपणावरून बघता.” तिचं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनंच नरहरभाऊंना सुचवलं की फर्डिनंडला गाडी चालवू द्या आणि तुम्ही मागं बसा. ते म्हणाले, “मागं जागा?” तेही खरं होतं. बाई सीटवर आडव्या झाल्या की मागं उंदराला जागा राहत नसे. दोन दिवस नरहरभाऊ मोटारीसमोर नुसते बसून होते. नवा टायर भिंतीला तसाच टेकलेला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत उभा होतो, तेव्हा त्यांनी मोटारीच्या पुढच्या अंगाखाली जाड ओंडके रचले आणि चाकांबरोबर सगळा आसच सोडवायला घेतला. आस, त्याच्यावरच्या स्प्रिंगच्या कमानी, सगळं. मी ओरडलो, “भाऊ, काय करताय?” ते म्हणाले, “गाडी.”

फर्डिनंड आला, त्यानं डोक्याला हात लावला आणि शर्ट काढून तोही मोटारीखाली शिरला. स्टिअरिंगनं वळणारी चाकं वळू नयेत म्हणून त्यांनी खिट्ट्या ठोकून ती सरळ जखडली. मग जुन्या बैलगाडीची लाकडी चाकं उतरवली आणि तिच्या साट्याखाली, म्हणजे माणसं बसतात त्या फळ्यांच्या चौकटीखाली, मोटारीचा आस कमानींसकट बसवला. एका बाजूला नवा टायर, दुसऱ्या बाजूला एका ठिपक्याचं चाक. नट आवळताना शंकराची बाजू कुठली यावरून दोघांचं भांडण झालं, कारण आस बसवताना उलटा फिरवला गेला होता. ह्या खटपटीत नऊ दिवस गेले. विरारच्या दोन खेपा चुकल्या आणि डॉक्टरांचा निरोप आला की पेशंट आहे का गेला.

पुढचं आधीच सांगून टाकतो. मोटार पुन्हा उभी राहिली नाही. ती ओंडक्यांवर तशीच गंजली आणि मांजरं तिच्यात व्याली. आनंदीबाई त्यानंतर तीन वर्षं होत्या. पाठ शेवटपर्यंत तशीच राहिली. त्या गेल्यावर नरहरभाऊंनी टायरची गाडी केळी वाहायला काढली, आणि ती बघून आगाशीत, बोळिंजात, नंदाखालात लोकांनी तशा गाड्या करून घेतल्या. नरहरभाऊ १९५७ साली गेले. गाव त्यांना तेव्हाही चाकभाऊच म्हणत होतं, पण आता जरा मानानं.

पण मला सांगायची आहे ती पहिली खेप. माघ लागला होता. साट्यात दोन गाद्या घातल्या, आनंदीबाईंना निजवलं आणि नरहरभाऊ त्यांच्याशेजारी मांडी घालून बसले. बाईंचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. बैल हाकायला एकनाथ. त्या काळी आमच्याकडे नवरा-बायको देवळात निघाले तरी दहा पावलांचं अंतर ठेवून चालत, आणि हे तर उघड्या गाडीतून भर बाजारातून निघाले होते. लोक दुकानांतून बाहेर आले. कोणी हसलं, कोणी म्हणालं, म्हातारचळ. मी पोस्टाच्या पायरीवर उभा होतो. नरहरभाऊंनी माझ्याकडे बघितलं नाही. ते खाली बघत होते.

पुढचं मला एकनाथनं संध्याकाळी सांगितलं, तेही कुरकुरत, की मोटारीच्या अर्ध्या तासाच्या वाटेला दोन तास लागले. बोळिंज येईपर्यंत दोघं एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. मग नरहरभाऊंनी चाकांविषयी सांगायला सुरुवात केली. खिट्ट्या कुठं ठोकल्या, कमान का मोडत नाही, डाव्या-उजव्याचं भांडण कसं मिटलं. त्यांना दुसरं काय बोलायचं ते ठाऊकच नव्हतं. बाई ऐकत होत्या. मध्ये मध्ये हसत होत्या. बोळिंज सोडल्यावर एका धोंड्यावरून चाक गेलं. चाकात हवा होती, खाली कमानी होत्या, तरी हिसका बसायचा तो बसला, आणि बाईंनी नरहरभाऊंचं धोतर मुठीत धरलं.

“लागलं?” त्यांनी विचारलं.

मोटारीत हाच प्रश्न ते रस्त्यावरची नजर न काढता विचारायचे आणि मागून ‘नाही’ असं उत्तर यायचं. त्या ‘नाही’च्या जिवावर त्यांची चार वर्षं गेली होती.

“लागलं,” आनंदीबाई म्हणाल्या. “खूप लागलं. मोटारीतही लागायचं. दर खेपेला लागायचं.”

एकनाथनं बैल थांबवले. त्यानं मागं वळून बघितलं, तर भाऊ रडत होते आणि बाई निजल्या निजल्या हात वर करून पदरानं त्यांचं तोंड पुसत होत्या. काय करावं ते त्याला समजेना, म्हणून तो कासरा धरून तसाच बसला. तेव्हा आनंदीबाईंनी मान तिरपी करून त्याच्याकडे बघितलं.

“थांबलास कशाला?” त्या म्हणाल्या. “तू हाक. आम्ही बोलतोय.”